झोपेचा रोजमेळ: एका घरातल्या चार बिघडलेल्या रात्री

गेल्या सहा वर्षांत माझी झोप तीनदा बिघडली. पहिल्या वेळी जो उपाय लागू पडला तोच मी दुसऱ्या वेळी केला आणि काही फरक पडला नाही. तिसऱ्या वेळी आधीचे दोन्ही उपाय केले, तेही फुकट गेले. तक्रार दर वेळी तीच होती, पण कारण दर वेळी निराळं होतं, आणि एवढी गोष्ट कळायला मला फार वेळ लागला.

ताप आला की डॉक्टर आधी तो कशाचा आहे ते बघतात. झोप गेली की मात्र आपण कारण न बघताच उपाय सुरू करतो. शेजारीण जायफळ सांगते, मावशी अश्वगंधा सांगते, ऑफिसमधली मैत्रीण एखादी गोळी पुढे करते. सगळ्याजणी मायेनेच सांगतात आणि त्यातलं बरंचसं खरंही असतं, फक्त ते आपल्या बिघाडाला लागू आहे का हे कोणी तपासत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कोथरूडमधल्या आमच्या एका घरात चार माणसं आहेत. गेल्या काही वर्षांत चौघांचीही झोप बिघडली आणि चौघांचं कारण वेगळं निघालं.

आधी चौदा दिवस नुसतं लिहा

मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते. ताळा जमला नाही तर आमच्याकडे कोणी अंदाजाने आकडा घालत नाही. रोजमेळ काढतो आणि एकेक नोंद तपासतो. झोपेचंही मी शेवटी तेच केलं. एक जुनी डायरी घेऊन उभे रकाने आखले: आडवी कितीला झाले, झोप अंदाजे कितीला लागली, रात्रीत किती वेळा उठले, सकाळी अंथरूण कितीला सोडलं, शेवटचा चहा कधी, रात्रीचं जेवण कधी, दुपारी झोपले का. शेवटच्या रकान्यात दोन-चार शब्द: ‘लग्नाला गेलो’, ‘पाठ धरली’, ‘पाळी’, ‘वरच्यांकडे पाहुणे’. नोंद सकाळी चहा पिताना करायची. रात्री घड्याळ बघून मिनिटं टिपत बसायचं नाही.

चौदा दिवसांनी बिघाड रात्रीच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. आडवं झाल्यावर झोप लागतच नाही, लागलेली मध्यरात्रीनंतर तुटते, पहाटे फार लवकर संपते, की आठ तास लागूनही सकाळी अंग शिणलेलंच असतं? हे चार वेगळे बिघाड आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

लिहिण्याचा आणखी एक फायदा झाला, त्याची मला कल्पना नव्हती. मी सगळ्यांना सांगत होते की मला रोज जेमतेम तीन तास झोप मिळते. वहीत ती सव्वापाच तास निघाली. अंधारात जागं पडलेलं माणूस जागेपणाचा वेळ फार मोठा मोजतं आणि मधल्या डुलक्या धरतच नाही. सव्वापाच तास काही पुरेसे नव्हते, मोठ्या माणसाला किमान सात तरी लागतात. पण तीनचे सव्वापाच झाले तेव्हा माझी निम्मी भीती गेली, आणि ती भीतीच मला जागं ठेवणाऱ्यांपैकी एक होती.

आडवं होऊन तास झाला तरी डोळ्याला डोळा लागत नाही

ही माझी पहिली वेळ. मार्च महिना होता. हिशेबाच्या कामात ३१ मार्च, ३१ जुलै आणि ३० सप्टेंबर या तारखा जवळ आल्या की दिवस पुरत नाही. घरी यायला नऊ, जेवायला साडेनऊ, पडायला अकरा, आणि साडेबारापर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर.

वहीत पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो चहाचा रकाना. एरवी मी तीन कप घेते, मार्चात सहा-सात व्हायचे, आणि शेवटचा संध्याकाळी साडेसहाला ऑफिसखालच्या अमृततुल्यात. अंगात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, कोणाला तीन, तर कोणाला सात. म्हणजे रात्री साडेअकराला मी अर्धा कप चहा प्यायल्यासारखीच असायची. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते पुरेसं साठलं की पेंग येते. कॅफीन त्या द्रव्याच्या बसायच्या जागाच अडवून धरतं, त्यामुळे शीण असतो पण झोप येत नाही. ‘मला तर चहा पिऊनही झोप लागते’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना झोप लागत असेलही, पण तिचा गाढपणा कमी होतो, आणि ते झोपलेल्याला कळत नाही.

दुपारी दोननंतरचा चहा मी बंद केला. एकदम केला नाही, दर दोन दिवसांनी एक कप कमी. एकदम सोडला तर डोकं ठणकतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी परत टपरीवर जाऊन उभं राहतं. संध्याकाळी हातात कप हवासा वाटतो, तेव्हा गवती चहा आणि आलं घालून उकळलेलं पाणी घेते, चहापत्ती न घालता.

चहाने अर्धा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा डोक्यात होता. दिवा मालवला की न जुळलेली बाकी, मुलाची फी, गॅसचा नंबर लावायचा राहिला, सगळं एका ओळीत येऊन उभं राहायचं. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला होता. निम्म्यांना झोपण्याआधी पाच मिनिटं उद्या-परवा करायच्या कामांची यादी लिहायला सांगितली आणि निम्म्यांना झालेल्या कामांची. उरलेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झोप लवकर लागली, आणि जितकी यादी नेमकी तितकी लवकर. मी हे जेवणाच्या टेबलावर बसून करते, पलंगावर कधीच नाही. ‘बँकेचं काम’ असं मोघम लिहिलेलं चालत नाही. ‘दहाला बँकेत जाऊन पासबुक भरून आणणं’ असं लिहिलं की मन ते सोडून देतं.

आणि मग पाय. आमच्या सासूबाईंकडे काशाची वाटी आहे, त्यांच्या आईची. रात्री तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून त्या वाटीने घासायचं, पाच-सात मिनिटं एकेक पाय. मी लहानपणापासून हे बघत आले, पण आजीबाईंचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं. यामागे एक साधी गोष्ट आहे. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान उतरायला लागतं आणि रात्रीतून साधारण एक अंशाने खाली येतं. ती उष्णता बाहेर पडते मुख्यतः हातापायांच्या तळव्यांतून. पाय गार असतील तर तिथल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात आणि उष्णता आत कोंडते. तळवे चोळले किंवा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवले की रक्त तिथे येतं आणि अंग आतून निवतं. झोपण्याच्या तास-दोन तास आधी गरम पाण्याने आंघोळ केली तर झोप लवकर लागते, त्याचंही कारण हेच. पाणी ४० अंशांच्या आसपास असावं, म्हणजे अंगाला सुखाचं गरम, पोळणारं नको. अगदी झोपताना मात्र ही आंघोळ करू नये, अंग निवायला वेळ मिळत नाही.

तळवे काळे पडले की अंगातली उष्णता निघाली असं सासूबाई म्हणतात. तो काळेपणा काशातला तांबं-कथील आणि तेल यांचा असतो. पण त्यांच्या हातून तळवे चोळून घेताना मी दहा मिनिटं गप्प पडून असते, फोन हातात नसतो, आणि कोणीतरी माझी काळजी घेत असतं. यातलं नेमकं किती कशामुळे होतं ते वेगळं काढण्याची मला गरज वाटत नाही.

श्वासाचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच करायचं असतं. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, नाकाने, ओढाताण न करता. मिनिटाला सहाच श्वास होतात. बाहेर सोडण्याचा वेळ लांबला की हृदयाची गती सावकाश होते. दहा मिनिटं पुरतात. ज्यांना आकड्यांचा त्रास होतो त्यांनी भ्रामरी करावी, गुंजारव करताना श्वास आपोआप लांबतो. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाच्या क्रिया उपकरणं लावून मोजायला सुरुवात केली. आपल्यापासून दीड-दोन तासांवर शंभर वर्षं हे काम चालू आहे. त्यामुळे श्वासाच्या गोष्टीला निव्वळ श्रद्धेचा विषय समजू नका.

वैशाखात काहीही चालेना

दुसरी वेळ दोन वर्षांनी, मेमध्ये. चहा दुपारीच संपत होता, यादी लिहीत होते, पाय चोळत होते. झोप नाही ती नाहीच. वहीच्या शेवटच्या रकान्यात सलग अकरा दिवस एकच शब्द होता: ‘उकडतंय’.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. पुण्यात मेमध्ये दुपारी पारा ४० च्या आसपास गेला तरी पहाटेपर्यंत बाहेर २२-२४ अंशांवर येतो. पण गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री दोन-तीनपर्यंत खाली सोडत राहतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो. अंग निवायला जागाच नाही, मग झोप कुठून येणार?

इथे उपाय घराला करावे लागले. गच्चीला पांढरा चुना मारून घेतला. दुपारी अकरा ते सहा खिडक्या-पडदे बंद, आणि पश्चिमेचा वारा सुटला की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. फोमची गादी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि जुनी कापसाची गादी पिंजून घेतली, कारण फोम अंगाची ऊब धरून ठेवतो. कूलर असेल तर त्याच्यासमोरची खिडकी उघडी हवीच, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. आणि रात्रीचं जेवण आठच्या आत, हलकं. मुगाची खिचडी, ताक, नाहीतर ज्वारीची भाकरी आणि दुधी. पचनाचं कामही अंगात उष्णता वाढवतं.

खिडकी उघडली की डास आणि आवाज दोन्ही आत येतात. डासांसाठी मच्छरदाणीइतकं चांगलं काही नाही. त्यात काही जळत नाही, नाकात काही जात नाही. आवाजासाठी मी औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे वापरते. ते चिमटीत बारीक दाबून कानात घालायचे आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. बहुतेक लोक हे शेवटचं करत नाहीत आणि मग बोळे उपयोगाचे नाहीत म्हणतात. शेजारी रोज रात्री ध्वनिक्षेपक लागत असेल तर सोसत बसू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ आहे, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. गणपतीचे ते दिवस मी मनाने सोडून देते. बाकीच्या दिवशी ११२ ला फोन करते, आणि तो करताना संकोच बाळगत नाही.

रात्री तीनला जाग आणि मग नाहीच

तिसरी वेळ सगळ्यात वाईट. झोप दहा मिनिटांत लागायची, आणि बरोबर अडीच-तीनला जाग. मानेला घाम, छातीत धडधड, अंगातून वाफा निघाल्यासारखं. पांघरूण फेकायचं, पाच मिनिटांत पुन्हा थंडी. बाहेर डिसेंबर होता.

मी तेव्हा ४६ वर्षांची होते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास थांबते, आणि त्याआधी दोन-चार वर्षं शरीराचा आतला तापमापक उगाचच बिथरतो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आईने नाही, मोठ्या बहिणीने नाही. दोघींनीही हे भोगलं होतं, मी विचारल्यावर बोलल्या. म्हणून हे मुद्दाम लिहिते. पन्नाशीच्या आसपासच्या बाईची झोप घामाने तुटत असेल तर ते मनाचे खेळ नाहीत. आधी थायरॉईड तपासा, कारण थायरॉईड वाढलं तरी अगदी असंच होतं. मग स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. सुती सैल गाऊन, पांघरायला एका जाड दुलईऐवजी दोन पातळ चादरी, संध्याकाळी तिखट आणि मद्य वर्ज्य, एवढ्याने माझ्या वाफा निम्म्यावर आल्या.

पण वाफा निम्म्यावर आल्या तरी जाग यायचीच. तेव्हा समजलं की आता शरीराला सवय लागली होती. मध्यरात्री जाग येणं तसं रोजचंच आहे. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते, गाढ झोप बहुतेक पहिल्या फेऱ्यांत उरकते, आणि पहाटेकडच्या फेऱ्या उथळ असतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये आपण सगळेच क्षणभर जागे होतो आणि विसरतो. मी विसरत नव्हते, कारण जाग आली की मी पहिलं काम घड्याळ बघायचं करायची. ‘तीन वाजले. सहाला उठायचं. तीनच तास उरले.’ हिशेब सुरू झाला की झोप संपली.

रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर एक रीत सांगितली. दिसायला साधी, करायला अवघड. बिछाना फक्त झोपेसाठी. जागं पडून साधारण वीस मिनिटं झालीशी वाटली, अंदाजानेच, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. मंद उजेडात काहीतरी संथ करायचं. पेंग आली की परत यायचं. पुन्हा झोप लागली नाही तर पुन्हा उठायचं. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. यामागचा विचार असा, की महिनोन् महिने पलंगावर तळमळत राहिलं की पलंग दिसला तरी मनाला तळमळच आठवते. ती गाठ सोडवायची.

घड्याळ मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आणि उठून करायचं काय, तर वाती वळायच्या. सासूबाईंच्या देवघरासाठी कापूस घेऊन बसायचं. हाताला काम, डोक्याला नाही, दिवाही मोठा लागत नाही. पुस्तक घेतलं तर मी त्यात अडकते. फोन तर नकोच. त्याचा उजेड एक गोष्ट झाली, पण खरा घात त्यातल्या बातम्या आणि निरोप करतात. पहिल्या आठवड्यात मी एका रात्री तीनदा उठले आणि इतक्या वाती झाल्या की सासूबाईंनी अर्ध्या शेजारी दिल्या. दिवसा डोळे चुरचुरायचे. नवव्या-दहाव्या दिवसापासून एकदाच उठावं लागलं, तिसऱ्या आठवड्यात काही रात्री एकदाही नाही.

एवढ्यानेही जमलं नाही तर बिछान्यातला वेळच कमी करण्याची एक पद्धत आहे, आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली. वहीप्रमाणे झोप सव्वापाच तास असेल तर तेवढाच वेळ आडवं व्हायचं, म्हणजे रात्री पाऊणला पडून सहाला उठायचं, आणि झोप भरीव झाली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ वाढवायची. आठ तास पडून राहण्यात मिळणारे तुकडे जोडण्याची ही युक्ती आहे. हे पाच तासांच्या खाली कधीही आणू नका. फिट येत असेल, मनाच्या विकाराची औषधं चालू असतील किंवा रोज गाडी चालवण्याचं काम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका. या दोन्ही गोष्टी ज्या उपचारात येतात (इंग्रजीत त्याला सीबीटी-आय म्हणतात), त्यालाच अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये जुन्या निद्रानाशावरचा पहिला उपचार म्हटलं आहे, गोळ्यांच्याही आधीचा.

सासूबाईंची वामकुक्षी

सासूबाई ७८ वर्षांच्या. ‘मला साडेतीनला जाग येते, मग देवाचं नाव घेत पडते,’ ही त्यांची रोजची तक्रार. त्यांच्यासाठीही वही केली. रात्री साडेआठला आडव्या, साडेतीनला जाग. झाले सात तास. शिवाय दुपारी दीड ते साडेतीन झोप. एकूण नऊ. त्यांची झोप पुरेशी होती, सरकलेली होती. वयाबरोबर शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, लवकर झोप येते आणि लवकर जाग येते.

आम्ही दोन गोष्टी केल्या. वामकुक्षी म्हणजे खरं तर जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडणं. पुण्यात तिची दोन तासांची झोप कधी झाली कोण जाणे. ती आम्ही पुन्हा वीस-पंचवीस मिनिटांवर आणली आणि तीनच्या आत संपवली. आणि संध्याकाळी साडेसातला झोप दाटते तेव्हा त्यांना दिवाणखान्यात मोठ्या दिव्याखाली माझ्याबरोबर भाजी निवडायला बसवते. आता त्या पावणेदहाला झोपतात आणि पाचला उठतात. पाच ही वेळ त्यांना मान्य आहे.

लेकाचं घड्याळ उलटं

मुलगा हिंजवडीत रात्रपाळीला होता, अमेरिकेच्या वेळेप्रमाणे. पहाटे घरी यायचा आणि अकरापर्यंत तळमळायचा. त्याला चहा सोडून, पाय चोळून, श्वास मोजून काय होणार? आपल्या पेशीपेशीत चोवीस तासांचं घड्याळ असतं. ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्या घड्याळाची किल्ली उजेड आहे. लेक घरी येताना सकाळचा उजेड त्याच्या डोळ्यांत जायचा आणि शरीर म्हणायचं, दिवस उगवला. कंपनीची गाडी असल्यामुळे त्याने येताना काळा चष्मा लावायला सुरुवात केली. स्वतः गाडी चालवणाऱ्याने हे करू नये. खिडक्यांना दुहेरी काळं कापड, दारावर ‘झोपला आहे’ अशी पाटी, आणि सुट्टीच्या दिवशीही सकाळचे निदान चार तास तीच झोपेची वेळ. वर्षभराने त्याने पाळी बदलून घेतली, तो खरा उपाय.

उजेडाची हीच गोष्ट दिवसा काम करणाऱ्यांना उलटीकडून उपयोगी पडते, आणि मला एकच उपाय सांगायचा असता तर मी हाच सांगितला असता. सकाळी ठरलेल्या वेळी उठा आणि अर्धा तास बाहेरच्या उजेडात या. ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. रात्रीची झोप कधी येणार हे पुष्कळसं तिथेच ठरतं. पुण्यात जूनमध्ये सहाला उजाडतं, जानेवारीत सात वाजून जातात, त्यामुळे थंडीत फिरायची वेळ थोडी पुढे न्यावी लागते. मी म्हातोबाच्या टेकडीवर जाते. टेकडी जमत नसेल तर गच्ची चालेल, बाल्कनी चालेल.

नवऱ्याचं घोरणं, जिथे घरचे उपाय थांबले पाहिजेत

हा भाग कृपा करून वगळू नका. माझा नवरा पडल्या पडल्या झोपायचा, आठ तास झोपायचा, आणि सकाळी डोकं दुखत उठायचा. टीव्हीसमोर डुलक्या, सिग्नलला गाडीत पेंग. घोरणं तर वर्षानुवर्षांचं. आम्ही दोन वर्षं नाकात तूप, उशी बदलणं, हळद-दूध असं करत राहिलो. ती दोन वर्षं वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

वाती वळण्याच्या काळात मीच जागी असायची, तेव्हा एका रात्री ऐकलं. घोरणं एकदम थांबायचं. पूर्ण शांतता. मी मनात मोजायची, दहा, पंधरा, एकदा वीसच्या पुढे. मग गुदमरल्यासारखा मोठा आचका आणि पुन्हा घोरणं. झोपेत घशाची वाट बंद होऊन श्वास दहा सेकंदांहून जास्त अडतो, त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला पाचाहून जास्त वेळा झालं तर तो दखल घेण्याजोगा, तीसहून जास्त वेळा झालं तर तीव्र. रक्तदाब आणि हृदय दोघांवर त्याचा ताण येतो. रात्रभराची स्लीप स्टडी केली, तीव्र निघाला. आता तो हवेच्या दाबाचं मशीन लावून झोपतो. कुठल्याही काढ्याने हे झालं नसतं. घोरणारं माणूस स्वतः हे कधीच सांगू शकत नाही, शेजारी झोपणाऱ्यानेच ऐकायचं असतं.

असंच दुसरं एक दुखणं आहे. संध्याकाळनंतर पायांत ओढ, मुंग्या, पाय हलवल्याशिवाय चैनच नाही. त्यासाठी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासून घ्या. लोह कमी असणाऱ्या बायकांत हे पुष्कळ दिसतं.

जायफळ, अश्वगंधा आणि गोळ्या

कोमट दूध आणि चिमूटभर जायफळ जरूर घ्या, पण चिमूटभरच. झोप येत नाही म्हणून चमचाभर उगाळून घातलं तर उलट्या, धडधड आणि भ्रम होतो. जायफळ जास्त प्रमाणात विषारीच आहे. अश्वगंधेने काही जणांना हलका फरक पडतो, पण थायरॉईडची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘नैसर्गिक आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री तुटते, तिला औषध समजू नका.

अल्प्राझोलमसारख्या गोळ्या पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं चालू असतात, एकदा दिलेल्या चिठ्ठीवर. हे वाचून ती गोळी आज रात्रीपासून बंद करू नका. एकदम बंद केल्यास फिटसुद्धा येऊ शकते. ती कमी करायची तर डॉक्टरांबरोबर, थोडी थोडी करत, ते सांगतील त्या वेगाने.

पुन्हा बिघडली तर

बिघडणारच. आमच्याकडे बिघडते. तेव्हा मी आधी उठायची वेळ तपासते, कारण बहुतेकदा तीच आधी हललेली असते. दोन रविवार आठपर्यंत झोपलेलं असतं, किंवा लग्नाहून आल्यावर दुपारी तीन तास. मग चहाचा रकाना. मग खोली. मग अंग. पंधरा दिवस एवढं करूनही आठवड्यातल्या तीन-चार रात्री वाईट जात असतील तर डॉक्टरांकडे, वही बरोबर घेऊन. ‘झोप येत नाही डॉक्टर’ एवढंच सांगितलं होतं तेव्हा मला पाच मिनिटांत गोळी मिळाली होती. वही समोर ठेवली तेव्हा वीस मिनिटं प्रश्न विचारले गेले.

सध्या जुलैची वीस तारीख उलटली आहे, रिटर्न भरायची गर्दी सुरू आहे. काल ऑफिसात पाचला चहा आला, मी कप परत पाठवला. रात्री साडेदहाला यादी लिहिली, सासूबाईंनी वाटी काढून ठेवलीच होती. सकाळच्या नोंदीत झोप ‘अकरा दहा’ लिहिली आहे, मध्ये एकदा जाग, वाती नाहीत.